स्मरणार्थ : एका खंडित नोंदीविषयी

आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाची ग्रंथसूची तपासण्याचे काम गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आले. तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाकडे अशी कामे येतात. आणि खरे सांगायचे तर ती यावीत अशी आमचीही इच्छा असते. आठवड्यातून दोन दिवस पेणहून रोह्याची गाडी धरायची, कासू, नागोठणे, निडी ही स्थानके खिडकीतून मागे जाताना पाहायची, मांडीवर सूचीचे छापील ताव आणि हातात तांबडी पेन्सिल, असा क्रम सुरू झाला.

पहिल्याच दिवशी लेखकांच्या रकान्यात एक नाव आढळले : ‘चिंतामण द्वारकानाथ देश’, आणि त्यापुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह. नाव ओळखायला अडचण नव्हती. रोह्याच्या माणसाला चिंतामणराव देशमुख सांगावे लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून केंद्राचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्या पदाचा राजीनामा देणारे गृहस्थ. साहित्याच्या लोकांना ते आणखी एका कारणाने जवळचे : ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद त्यांनी केला. सूचीतली नोंद त्याच पुस्तकाची होती. ज्यांनी महाराष्ट्रासाठी मंत्रिपद सोडले, त्यांच्या नावात संगणकाने तेवढा ‘देश’ शिल्लक ठेवावा, याची आम्हांला गंमत वाटली. तांबड्या पेन्सिलीने ‘मुख’ लिहिले आणि पुढे गेलो.

गंमत फार टिकली नाही. देणगीच्या रकान्यात एक ओळ वारंवार दिसू लागली : ‘कै. मातोश्रींच्या स्मरण’. एकदा, दोनदा, अशी सात वेळा. येथे काळी चौकट नव्हती, प्रश्नचिन्ह नव्हते. ओळ नीट संपल्यासारखी दिसत होती. जुन्या कार्डांवर अशा नोंदीत ‘स्मरणार्थ’ या शब्दापुढे देणाऱ्याचे नाव आणि गाव असे. ते सर्व गेले होते. आणि ‘आता सगळे संगणकात आहे’ या भरवशावर कार्डेही काही वर्षांपूर्वी रद्दीत गेली होती. सात जणांनी आपापल्या आईच्या नावे पुस्तके दिली होती. कोणी, हे आता सूची सांगत नव्हती.

त्या सातांतली एक नोंद आमची होती. आई गेल्यानंतरच्या वर्षी तिच्या नित्यवाचनातली ज्ञानेश्वरी आम्ही या वाचनालयाला दिली होती. कार्डावर तिचे नाव घालावे की नाही यावर घरात चर्चाही झाली होती. ‘मातोश्री’ हा शब्द पुरेसा आहे, पुढे आपले नाव येणारच आहे, असा निर्णय आम्हीच दिला होता. सातांपैकी तीन नोंदी ज्ञानेश्वरीच्याच होत्या. आपली कोणती, हे आम्हांला सूचीवरून ओळखता येईना.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक जुनी विद्यार्थिनी काम करते. यंत्रांवर बसवलेल्या मापकांच्या पोटात जे लहानसे संगणक असतात, त्यांच्या आज्ञावल्या ती ‘सी’ या भाषेत लिहिते. एका संध्याकाळी सूचीचे ताव घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. सूचीची आज्ञावलीही ‘सी’तच लिहिलेली निघाली, आणि तिची प्रत वाचनालयाच्या संगणकावर होती. ती वाचून झाल्यावर विद्यार्थिनी म्हणाली, “सर, ज्यानं हे लिहिलंय त्यानं तसं काही चुकीचं केलेलं नाही. उलट सुरक्षित पद्धत वापरली आहे.”

‘सुरक्षित’ हा शब्द आम्हांला लागला. त्यानंतरच्या चार-पाच बैठकांत तिने आम्हांला जे शिकवले, ते साहित्याच्या वाचकांसाठी येथे मांडत आहोत. विषय परका वाटेल. पण नक्कल करणे, जोडणे आणि कोठे संपते ते ठरवणे हे आपल्याच व्यवसायाचे प्रश्न आहेत.

संगणकाची स्मृती म्हणजे एकेका बाइटच्या घरांची लांबच लांब चाळ. मजकूर ठेवायचा तर या चाळीतली सलग घरे आधी राखून ठेवावी लागतात. रोमन लिपीतल्या एका अक्षराला एक घर पुरते. देवनागरीला पुरत नाही. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन घरे लागतात. आणि मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण ही प्रत्येक वेगळे चिन्ह मानली जातात. ‘पेण’ म्हणजे प, मात्रा आणि ण : तीन चिन्हे, नऊ घरे. ‘रोहे’ म्हणजे चार चिन्हे, बारा घरे. पण ‘पेण’ लिहायला नऊ घरे राखून भागत नाही, दहा लागतात. कारण ‘सी’ भाषेत मजकुराची लांबी कोठेही लिहून ठेवलेली नसते. मजकूर संपला हे कळावे म्हणून शेवटच्या घरात शून्य ठेवतात. वाचणारा पहिल्या घरापासून निघतो आणि शून्य भेटेपर्यंत चालत राहतो.

बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ही भाषा घडवली, तेव्हा स्मृती महाग होती आणि घरे मोजकी. लांबी आरंभी लिहून ठेवण्याची दुसरी पद्धतही त्या काळी होती. लांबीला एकच घर दिले तर मजकूर २५५ बाइटांपलीकडे जात नाही, ही तिची अडचण. शून्याच्या पद्धतीत मजकूर कितीही लांब असू शकतो. त्याला एकच घर जास्त लागते. मात्र आपण किती लांब आहोत हे त्या मजकुराला स्वतःला ठाऊक नसते.

आता नक्कल. ‘सी’मधले मूळचे नकलेचे कार्य ‘स्ट्र-कॉपी’. त्याला दोन गोष्टी सांगायच्या : कोठून घ्यायचे आणि कोठे ठेवायचे. ते मूळ मजकुरातले एकेक घर उचलते आणि नव्या जागी ठेवते, शून्य भेटेपर्यंत. नव्या जागी किती घरे राखली आहेत हे ते विचारत नाही. त्याला ते सांगण्याची सोयच नाही. आम्ही पेणचे, नक्कल म्हटले की आम्हांला गणपतीचा साचा आठवतो. साच्यात माती जास्त झाली तर ती कडेने बाहेर येते, कारागीर ती कापून टाकतो आणि सांधा ओल्या हाताने पुसून घेतो. जास्तीचे जे काही, ते डोळ्यांसमोर असते. स्मृतीच्या चाळीत तसे होत नाही. जास्तीचा मजकूर शेजाऱ्याच्या घरात शिरतो आणि तेथे जे असेल ते पुसून टाकतो. शेजारी कधी दुसरा मजकूर असतो, कधी एखादी संख्या, आणि कधी ‘हे काम झाल्यावर पुढे कोठे जायचे’ याचा पत्ता. तो पत्ता बदलला की संगणक परक्याच्या आज्ञा पाळू लागतो.

हे कल्पनेतले संकट नव्हे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतल्या आंतरजालावर रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला कृमी पसरला. त्याच्या वाटांपैकी एक हीच होती : एका आज्ञावलीने येणाऱ्या ओळीसाठी ५१२ घरे राखली होती, कृमीने ५३६ बाइटांची ओळ पाठवली. ओळ वाचणाऱ्या कार्याला मर्यादा सांगण्याची सोय नव्हती. ते कार्य ‘सी’च्या प्रमाणग्रंथातून २०११ साली काढून टाकण्यात आले.

जोडण्याचे कार्य ‘स्ट्र-कॅट’. त्याचीही गोष्ट तीच, वर आणखी एक अडचण. पहिल्या मजकुराच्या शेवटी दुसरा चिकटवायचा तर पहिल्याचा शेवट सापडला पाहिजे, आणि तो ठाऊक नसल्याने आरंभापासून चालत जावे लागते. चिंतामणरावांचे पूर्ण नाव तुकड्यातुकड्यांनी जोडत गेलो, तर ‘देशमुख’ जोडण्याआधी संगणक मागची ५३ घरे पुन्हा मोजतो. रोह्याला मध्य रेल्वेचा मार्ग संपतो आणि कोकण रेल्वेचा सुरू होतो. तेथे एक मार्ग कोठे संपतो हे दोन्हीकडच्यांना ठाऊक आहे, लिहून ठेवलेले आहे. ‘स्ट्र-कॅट’जवळ असा लेख नसतो.

साहित्याच्या वाचकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवेल. हे जोडणे म्हणजे संधी नव्हे. ‘वाक्’ आणि ‘मय’ हे ‘स्ट्र-कॅट’ने जोडले तर ‘वाक्मय’ मिळते. ‘वाङ्मय’ मिळत नाही. ‘जगत्’ आणि ‘नाथ’ मिळून ‘जगत्नाथ’ होते, ‘जगन्नाथ’ होत नाही. व्याकरणातल्या संधीत जोडाच्या ठिकाणी दोन्ही बाजू एकमेकींची दखल घेतात. येथे घरांपुढे घरे ठेवली जातात, एवढेच. यात दोष नाही. पण यंत्र ‘जोडतो’ म्हणते तेव्हा ते काय म्हणते, हे आपण ओळखून असावे.

या दोन कार्यांच्या बेपर्वाईवर उपाय शोधण्याचा इतिहास मोठा आहे, आणि आमच्या सात नोंदी त्याच इतिहासात हरवल्या. पहिला उपाय ‘स्ट्र-एन-कॉपी’. त्याला मर्यादा सांगता येते : अमुक घरांपलीकडे जाऊ नकोस. पण हे कार्य मुळात या कामासाठी जन्मलेच नव्हते. जुन्या युनिक्स प्रणालीत फायलीच्या नावासाठी ठरावीक चौदा घरांचा रकाना असे. तो भरण्यासाठी ते होते. नाव लहान असेल तर उरलेल्या घरांत ते शून्ये भरते. नाव रकान्याएवढे किंवा त्याहून मोठे असेल तर शेवटचे शून्य ठेवतच नाही. मग वाचणारा शून्याच्या शोधात शेजाऱ्यांच्या घरांतून फिरत राहतो. म्हणून सावध लोकांनी रीत पाडली : रकान्यापेक्षा एक घर कमी सांगायचे आणि शेवटच्या घरात आपल्या हाताने शून्य ठेवायचे. आमच्या सूचीच्या कर्त्याने नेमके हेच केले होते. चौसष्ट घरांचा रकाना, त्रेसष्ट घरे मजकुराची, चौसष्टावे शून्याचे.

चौसष्टच का, याचेही उत्तर विद्यार्थिनीने शोधले. सूची प्रथम तयार झाली ती जुन्या मराठी फॉन्टांच्या काळात. तेव्हा पडद्यावरच्या एका आकृतीला साधारण एक बाइट पुरत असे. चौसष्ट घरांत लांब नोंदही मावे. पुढे सगळा मजकूर यूनिकोडमध्ये उतरवला गेला, प्रत्येक चिन्हाला तीन घरे लागू लागली, आणि रकाना मात्र चौसष्टाचाच राहिला. नक्कल करताना जे मावले नाही ते सांडले. जुनी फाईल जुन्या संगणकाबरोबर गेली.

आता हिशेब मांडून पाहू. ‘चिंतामण द्वारकानाथ देशमुख’ या नावात २३ चिन्हे आणि दोन मोकळ्या जागा आहेत. म्हणजे ६९ आणि २ मिळून ७१ बाइट. त्रेसष्टाव्या घरावर कुऱ्हाड पडली तेव्हा ‘देश’ पूर्ण झाले होते आणि ‘म’च्या तीन बाइटांपैकी एकच आत आला होता. एकटा बाइट वाचता येत नाही, म्हणून ती काळी चौकट आणि प्रश्नचिन्ह. यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी आखली, आणि तिचा हा मोठा गुण आहे : कोणताही बाइट पाहून तो चिन्हाचा आरंभ आहे की मधला तुकडा, हे सांगता येते. म्हणून मोडलेले चिन्ह लपत नाही.

‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ या ओळीत मात्र पूर्णविरामाची एक आणि मोकळ्या दोन अशी एकेका बाइटची तीन घरे आहेत. त्रेसष्टातून तीन वजा जाता साठ उरतात. साठ म्हणजे बरोबर वीस चिन्हे. विसावे चिन्ह ‘ण’. कुऱ्हाड दोन चिन्हांच्या मधल्या फटीत पडली, आणि ‘स्मरण’ हा धडधाकट शब्द शिल्लक राहिला. स्मरण अधिक अर्थ, स्मरणार्थ : हा संधी आम्ही वर्गात वर्षानुवर्षे फोडून दाखवला. यंत्राने तो फोडला, स्मरण ठेवले आणि अर्थ टाकला. त्याला अर्थातच यातले काहीच ठाऊक नव्हते.

आम्ही विद्यार्थिनीला विचारले, “मग याला सुरक्षित कसे म्हणायचे?” ती म्हणाली, “शेजारच्या घरात काही गेलं नाही, सर. यंत्र बंद पडलं नाही, कोणाला त्यातून आत शिरता आलं नाही. त्या अर्थानं सुरक्षित.” आणि थोडे थांबून तिने पुस्ती जोडली, “मजकूर सुरक्षित राहिला का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.”

आमच्या मते सगळ्या विषयाचे मर्म या दोन वाक्यांत आहे. सुरक्षा कोणाची? यंत्राची, की मजकुराची? मर्यादा पाळणारी नक्कल यंत्राला वाचवते. मजकुराला वाचवायचे तर आणखी एक गोष्ट लागते : जे मावले नाही त्याची कबुली.

ही कबुली देण्याची सोय १९९८ साली आली. टॉड मिलर आणि थिओ द राट यांनी ओपनबीएसडी या प्रणालीसाठी ‘स्ट्र-एल-कॉपी’ आणि ‘स्ट्र-एल-कॅट’ ही कार्ये लिहिली. त्यांना रकान्याची पूर्ण लांबी सांगायची. शेवटचे शून्य ती स्वतः ठेवतात. पण त्यांचा खरा विशेष वेगळा आहे. काम झाल्यावर ती एक आकडा परत देतात : पूर्ण मजकुराला किती घरे लागली असती तो. चिंतामणरावांच्या नावासाठी ६४ घरे दिली तर उत्तर येते ७१. मिळालेला आकडा दिलेल्या घरांएवढा किंवा त्याहून मोठा असेल, तर समजावे की काही सांडले. मग जागा वाढवा, नोंद थांबवा किंवा माणसाला सांगा, निर्णय तुमचा.

यावर वाद झाला आणि तो दीर्घकाळ चालला. लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या ग्नू ग्रंथालयात ही कार्ये घेण्यास त्याचे तेव्हाचे प्रमुख उलरिख ड्रेपर यांनी विरोध केला. ज्याला आपल्या मजकुराची लांबी ठाऊक आहे त्याला या सोयीची गरज नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला ती गुपचूप मजकूर गमावू देईल, असा विरोधाचा आशय होता. ती कार्ये त्या ग्रंथालयात आली ती थेट २०२३ साली, आणि २०२४ साली पॉझिक्स या प्रमाणग्रंथातही त्यांना जागा मिळाली. गंमत अशी की त्याच २०२४ साली लिनक्सच्या गाभ्यातून ‘स्ट्र-एल-कॉपी’ काढून टाकण्यात आली. लांबी सांगायची म्हणून ती मूळ मजकूर शेवटपर्यंत चालत जाते, आणि मूळ मजकुरालाच शून्य नसेल तर पलीकडे भरकटते. तेथे आता ‘स्ट्र-एस-कॉपी’ वापरतात. मजकूर मावला नाही तर ती लांबीऐवजी सरळ चूक झाल्याचा संकेत परत देते.

विरोधकांचे म्हणणे आम्हांला पोकळ वाटत नाही. आकडा परत मिळतो खरा, पण तो पाहण्याची सक्ती नाही. न पाहता पुढे जाणाऱ्याच्या हाती जुनी आणि नवी पद्धत सारखीच. आमच्या सूचीच्या कर्त्याने नवे कार्य वापरले असते आणि आकडा पाहिला नसता, तरीही ‘स्मरण’च उरले असते. प्रश्न कोणते कार्य वापरले एवढ्यापुरता नव्हता; उत्तर कोणी ऐकले का, हा होता.

जुन्या पोथ्या हाताळलेल्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. अध्यायाच्या शेवटी ‘इति’ येते : हे आपले शून्य. पण पोथी तेवढ्यावर थांबत नाही. ज्ञानेश्वरीच्या सांप्रदायिक प्रतींत पहिल्या अध्यायाच्या शेवटी श्लोक ४७, ओव्या २७५ असा आकडा असतो. संस्कृत पोथ्यांत बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून ग्रंथसंख्या देत. तिच्यावर नक्कल करणाऱ्याची मजुरी ठरे हे खरे; पण प्रत ताडून पाहणाऱ्यालाही तोच आधार. ओव्या मोजा, आकडा जुळवा. कमी भरल्या तर काही गळले, जास्त भरल्या तर कोणी घातले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे यांपैकी दुसरे संकट मोठे होते : मूळ मजकुरात शिरलेले परके. ‘सी’च्या भाषेत बोलायचे तर शेजाऱ्यांची घरे एकमेकांत मिसळली होती.

आणखी एक खूण तर आम्ही रोज वापरतो आणि विसरतो. ‘कै.’ हा ‘कैलासवासी’चा तुटलेला तुकडाच आहे. ‘चिं. द्वा. देशमुख’ यातही दोन नावे कापलेली आहेत. पण त्या तुकड्यांपुढे बिंदू असतो. येथे काही वगळले आहे, हे वाचणाऱ्याला तो बिंदू सांगतो. संक्षेप आणि लोप यांतला फरक एवढाच : संक्षेप आपण संक्षेप आहोत हे सांगतो. आमच्या ओळीत आरंभीच्या ‘कै’पुढे बिंदू होता, शेवटच्या ‘स्मरण’पुढे नव्हता.

असो. सूचीतून उत्तर मिळेना तेव्हा कपाटांकडे वळण्यावाचून मार्ग नव्हता. ग्रंथपालांनी सातही पुस्तके काढून दिली. चारांच्या पहिल्या कोऱ्या पानावर देणाऱ्याचा हस्ताक्षरातला मजकूर होता. त्या नोंदी पूर्ण झाल्या. उरलेली तीन नव्याने बांधलेली होती, आणि बांधणाऱ्याने फाटकी कोरी पाने काढून टाकली होती. तोही सुरक्षेचाच उपाय. तीनपैकी दोन ज्ञानेश्वऱ्या होत्या. आम्ही त्या खिडकीपाशी घेऊन बसलो. आईची वाचण्याची एक रीत होती : दिवसाचे वाचन जेथे थांबे तेथे समासात पेन्सिलीची बारीक आडवी रेघ, दुसऱ्या दिवशी तेथून पुढे. एका प्रतीत तिसऱ्या अध्यायापासून त्या रेघा दिसू लागल्या. कोठे वीस ओव्यांनी, कोठे पाच-सहांनीच. आजारपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्या अगदी जवळजवळ आल्या आहेत. आम्ही शेवटची रेघ शोधली. ती अठराव्या अध्यायात आहे आणि अध्याय तेथे संपत नाही.

उरलेल्या दोन पुस्तकांना अशी काही खूण नव्हती. ती कोणाच्या आईची, हे आता कळण्याचा मार्ग नाही. ग्रंथपालांचे म्हणणे पडले की ती ओळ पुसून रकाना मोकळा ठेवावा. निदान अर्धवट दिसणार नाही. आम्ही नको म्हटले. पोथी संपादणारा गळलेल्या जागी आपल्या पदरचे घालत नाही, आणि गळलेले झाकतही नाही. ‘येथे पोथी खंडित’ असे लिहितो. त्या दोन नोंदी आता अशा आहेत : ‘कै. मातोश्रींच्या स्मरण… (पुढील मजकूर तुटला आहे, मूळ कार्ड उपलब्ध नाही)’.

विद्यार्थिनीने सुट्टीच्या दिवसांत सूचीची आज्ञावली दुरुस्त करून दिली. ती आता नक्कल करण्याआधी मजकुराची लांबी मोजते, तेवढी आणि वर एक अशी घरे मागून घेते, ती मिळाली नाहीत तर थांबते आणि पडद्यावर कोणत्या नोंदीपाशी थांबलो ते सांगते. यात नवे काही नाही, असे ती म्हणते. पन्नास वर्षांपासून लोकांना हे माहीत आहे, फक्त त्याला चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. तिच्यासाठी पेणचे पापड घेऊन गेलो होतो. आईने डबा परत करताना रिकामा द्यायचा नसतो म्हणून तिने त्यात ओले काजूगर घालून दिले.

शेवटच्या दिवशी आमची नोंद आम्ही स्वतः नव्याने भरली. या खेपेस ‘मातोश्री’ या शब्दावर थांबलो नाही. आईचे नाव घातले, वडिलांचे, आडनाव, माहेरचे गाव, आमचे नाव, पेण आणि तारीख. नोंद पूर्ण झाल्यावर आज्ञावलीने आकडा सांगितला : ३१८ बाइट. वाचनालयाने आता कागदी नोंदवहीही पुन्हा सुरू केली आहे. तिच्यात तीच ओळ हाताने उतरवून तिच्या शेवटी आम्ही तो आकडा लिहून ठेवला.